टी-90 गिअरबॉक्सचा दुसरा गिअर सुटतोय, रिव्हर्स खरखरतोय? बॉक्स उतरवायच्या आधी एवढं बघा

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. 1953 ची विलीज पिकअप, फोर बाय फोर, चार सिलेंडरचं हरिकेन इंजिन, मूळचा तीन गिअरचा टी-90 बॉक्स आणि त्याच्या मागे स्पायसर 18 ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी. तक्रारी चार. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की दुसरा गिअर सुटून दांडा न्यूट्रलला येतो, गाडी उभी असताना पहिला आणि रिव्हर्स खर्र करूनच पडतात, न्यूट्रलला उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, आणि ट्रान्सफर केसचं ऑइल कमी झालेलं असतं तेव्हा गिअरबॉक्सचं वाढलेलं असतं. तुम्ही परदेशात, तिथल्या गॅरेजवाल्याने अख्खा बॉक्स रिबिल्ड करायला सांगितलाय आणि तुम्ही विचारताय की करू का.

माझं उत्तर, आत्ता लगेच नको. बॉक्स खाली उतरवायला लागेलही कदाचित, पण चारपैकी एक तक्रार बहुतेक गिअरबॉक्सची नाहीच, क्लचची आहे, आणि दुसऱ्या गिअरचं कारण बॉक्सच्या बाहेर सापडण्याचीही बरीच शक्यता आहे. बॉक्स उघडून नव्या पितळी रिंगा, नवी बेअरिंगं घातली आणि मूळ कारण बाहेरच राहिलं तर हजार मैलांत गिअर परत सुटायला लागतो, मग माणूस म्हणतो टी-90 चा बॉक्सच भिकार. तो बॉक्स भिकार नाहीये. महिंद्राने 1940 च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या आणि पुढे हाच टी-90 आपल्याकडच्या जीपांमध्ये वर्षानुवर्षं चालला, घाटात, उसाच्या शेतात, ओव्हरलोड ट्रेलर ओढत. आपल्याकडच्या जुन्या फिटर लोकांना तो आवाजावरून ओळखता येतो, आणि मी खाली सांगतोय तो क्रम त्याच कामातून आलेला आहे.

आधी ऑइल. गाडी पाच-सात मैल फिरवून आणा म्हणजे ऑइल पातळ होईल, मग सपाट जागेवर उभी करून वरचा भरायचा प्लग आधी खोला, खालचा नंतर. हा क्रम उलटा करू नका, कारण खालून सगळं ऑइल सोडून दिलं आणि वरचा प्लग गंजून जाम बसलेला निघाला तर गाडी आहे तिथेच अडकली. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे प्लग वेगळे आहेत, दोन्ही वेगवेगळ्या स्वच्छ भांड्यात काढा, मिसळू नका. मग उन्हात धरून बघा. सोनेरी बारीक चमक असेल तर ती पितळी सिंक्रो रिंगांची, म्हणजे गिअर पडताना आतल्या भागांचा वेग जुळवणाऱ्या रिंगांची, थोडी असणारच, घाबरायचं कारण नाही. लोहचुंबक फिरवा, काळा चिखलासारखा थर चालेल, पण पापुद्रे, सुईसारखे तुकडे किंवा दाताचा कोपरा आला तर मग पुढचं सगळं वाचायची गरज नाही, बॉक्स उघडायचाच आहे. छोटी लांबट रोलरची दांडी सापडली तर काउंटर शाफ्टचे, म्हणजे बॉक्समधल्या खालच्या शाफ्टचे, नीडल रोलर सुटलेत, गाडी तिथेच उभी ठेवा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय.

नवं ऑइल भरताना साधं 90 नंबरचं किंवा 80डब्ल्यू-90, पण जीएल-4 हा दर्जा लिहिलेलं. दुकानात सहज मिळतं ते जीएल-5, ते मागच्या डिफरन्शियलला ठीक आहे पण पितळी रिंगा असलेल्या बॉक्सात मी घालत नाही. त्यातली गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असते, काही ऑइलं पितळेला खातात, आणि रिंगेला कोनावर जी पकड लागते ती पण नीट मिळत नाही. काही जीएल-5 ऑइलवर पितळेला सुरक्षित असं लिहिलेलं असतं, तरी हा बॉक्स जुना आहे, जीएल-4 मिळतंय तर कशाला प्रयोग करायचा. गिअरबॉक्सात साधारण 1.4 लिटर आणि ट्रान्सफर केसमध्ये दीड लिटरच्या आसपास बसतं, भरायच्या भोकाच्या खालच्या काठाला आलं की बास. आणि दोन्हीकडे एकच ऑइल घाला, त्याचं कारण पुढे येतं.

आता खर्र आवाजाचं. टी-90 मध्ये सिंक्रो फक्त दुसऱ्याला आणि तिसऱ्याला आहे. पहिला आणि रिव्हर्स म्हणजे सरकणारा सरळ दातांचा गिअर, तो जाऊन थेट समोरच्या गिअरच्या दातात शिरतो, मध्ये थांबवणारं कुणी नाही. म्हणून आत काहीतरी फिरत असेल तर खर्र होणारच. प्रश्न एवढाच की क्लच दाबल्यावर ते फिरणं थांबतंय का नाही. परीक्षा सोपी आहे. इंजिन गरम, आयडलिंग खाली आणलेलं, क्लच पूर्ण दाबा आणि मनात दहापर्यंत मोजा, मग रिव्हर्स टाका. शांतपणे पडला तर क्लच सोडतोय, तुम्ही फक्त घाई करत होता. त्याला उपाय म्हणजे क्लच दाबून दांडा आधी दुसऱ्याकडे किंवा तिसऱ्याकडे नेऊन हलकासा दाबायचा, सिंक्रो आतलं सगळं थांबवतो, आणि मग पहिला नाहीतर रिव्हर्स. जुने ड्रायव्हर हे न शिकवता करतात. पण दहा मोजूनही खर्र झालं, किंवा पडताना गाडीने हिसका दिला, तर क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून सुटत नाहीये, आणि त्याला गिअरबॉक्स रिबिल्ड करून काडीचा फरक पडणार नाही.

क्लच न सोडण्याची कारणं बाहेरून आत अशी बघत या. पेडलचा फ्री प्ले, म्हणजे क्लच दाबायला लागण्याआधीची मोकळी चाल, साधारण इंचभर हवा. दोन-अडीच इंच झाला असेल तर तेवढी चाल वाया जाते, प्लेट अर्धीच सुटते. फ्री प्ले शून्य करू नका मात्र, मग क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग सतत फिरत राहतं आणि जळतं. मग खाली झोपून दुसऱ्याला पेडल दाबायला सांगा आणि नुसतं बघत रहा. पेडलची चाल क्लचच्या फोर्कला पोचवणाऱ्या क्रॉस शाफ्टच्या टोकाचे बुश आणि गोटी झिजली असेल तर शाफ्ट आधी वाकडा होतो, मग फोर्क हलतो, तिथेच अर्धी चाल जाते. इंजिनच्या आणि गिअरबॉक्सच्या माउंटिंगचं रबर मऊ झालं असेल तर पेडल दाबल्यावर अख्खं इंजिन सरकताना दिसेल, तीही चाल वाया. तुमची गाडी मधली बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती असं लिहिलंय, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटणं किंवा इनपुट शाफ्टच्या, म्हणजे क्लचमधून बॉक्सात येणाऱ्या शाफ्टच्या, खाचांवर प्लेट न सरकणं हेही धरून चाला. खाचांवर गंज असेल तर बॉक्स उतरल्यावर साफ करून ग्रीसचा अगदी पुसटसा हात फिरवायचा, जास्त ग्रीस प्लेटवर उडतं.

यातलं एक कारण बाहेरून दिसत नाही, ते म्हणजे पायलट बुश. क्रँकच्या मागच्या टोकात पितळेचा छोटा बुश असतो आणि त्यात इनपुट शाफ्टचं नाक बसतं. तो कोरडा पडून जाम झाला तर क्लच सुटला तरी इंजिनचा क्रँक इनपुट शाफ्टला ओढत फिरवत राहतो आणि रिव्हर्स खर्र करतो. उलट तो झिजून ढिला झाला तर शाफ्टचं नाक हलतं, आणि त्याचा थेट परिणाम तुमच्या दुसऱ्या गिअरवर. किरकोळ किमतीची ही वस्तू आहे आणि बॉक्स उतरला की ती न बदलता परत चढवणारा मेकॅनिक मला पटत नाही.

घरघर कुठून येते ते कानाने शोधता येतं. न्यूट्रलमध्ये क्लच वर असताना इनपुट शाफ्ट आणि काउंटर शाफ्ट दोन्ही फिरतात, क्लच दाबला की दोन्ही थांबतात. तुमची घरघर क्लच दाबल्यावर जाते म्हणजे ती इनपुटच्या बेअरिंगची नाहीतर काउंटर शाफ्टच्या रोलरची. दोघांतलं कोण, ते चालवून कळतं. तिसऱ्या गिअरमध्ये जोर इनपुटवरून सरळ मेन शाफ्टला, म्हणजे बॉक्समधून मागे जाणाऱ्या शाफ्टला, जातो, काउंटर शाफ्ट नुसता रिकामा फिरतो. म्हणून पहिल्या-दुसऱ्यात जोराचा आवाज आणि तिसऱ्यात जवळजवळ शांत असेल तर काउंटर शाफ्ट. तिसऱ्यातही तेवढाच असेल तर इनपुट किंवा मागचं बेअरिंग. आवाज क्लच दाबल्यावरच येत असता तर मी रिलीज बेअरिंग किंवा पायलट बुश म्हणालो असतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, स्पायसर 18 स्वतःच थोडा गातो. त्याचा आउटपुट मेन शाफ्टच्या रेषेत नाही, बाजूला आहे, त्यामुळे हाय रेंजमध्येही, म्हणजे नेहमीच्या रस्त्यावरच्या जोडणीतही, जोर गिअरवरून गिअरवरच जातो, सरळ असा रस्ताच नाही. त्याची मधली शाफ्ट आणि तिचे रोलर झिजले की आवाज वाढतो. म्हणून चाकांना मोठी लाकडं लावून ट्रान्सफर केस न्यूट्रलला घ्या आणि बॉक्स तिसऱ्यात टाकून क्लच सोडा, कान खाली नेऊन ऐका, मग बॉक्स न्यूट्रलला आणून परत ऐका. फरक जिथे मोठा, तिथे बघायचं. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप असेल तर छान, नाहीतर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या जागी आणि मूठ कानाला, फिरत्या शाफ्टपासून लांब राहून.

आता मुख्य दुखणं, दुसरा गिअर. बरेच जण सांगतील की वरच्या कव्हरमधली गोटी आणि स्प्रिंग बदला, गिअर सुटायचा थांबेल. स्प्रिंग स्वस्त आहे, कव्हर वरून निघतं, म्हणून सगळे तिथून सुरू करतात. माझ्या मते ते काम शेवटी यायला पाहिजे. स्प्रिंग आणि गोटी रेलला, म्हणजे दांड्याने सरकणाऱ्या सळईला, जागेवर ठेवतात एवढंच, चालू गाडीत गिअर धरून ठेवायचं काम स्लीव्हचे, म्हणजे शाफ्टवर सरकून गिअरला अडकणाऱ्या कड्याचे, दात आणि दुसऱ्या गिअरचे छोटे दात करतात. ते सरळ असतील, पूर्ण शिरलेले असतील आणि शाफ्ट एका रेषेत असतील तर मऊ स्प्रिंगवरही गिअर सहसा टिकतो. ते बिघडले असतील तर कडक स्प्रिंग घालून तुम्ही फक्त स्लीव्ह सरकवणारा फोर्क घासताय.

सुटतो का ते नीट समजून घ्या. दुसऱ्याचे दात तिरपे आहेत. तिरपा दात जोर घेताना गिअरला पुढे नाहीतर मागे ढकलतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला, चाकंच इंजिनला फिरवायला लागली, की ती ढकल उलटी होते. आत पुढे-मागे प्ले असेल तर प्रत्येक वेळी सगळं एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकतं, स्लीव्ह थोडी बाहेर येते, दात आधीच गोलावलेले असतील तर त्याच उतारावरून ती घसरून न्यूट्रलला जाते. तुमचा गिअर उतारावरच सुटतो, चढावर नाही, यावरून मला पुढे-मागेच्या प्लेचा पहिला संशय आहे.

आणि त्या प्लेचं सगळ्यात दुर्लक्षित ठिकाण बॉक्सच्या बाहेर आहे. मेन शाफ्टचं मागचं टोक ट्रान्सफर केसमध्ये शिरतं, तिथे त्याच्यावर ट्रान्सफरचा गिअर बसवून मोठ्या नटाने आवळलेला असतो, नट सुटू न देणाऱ्या कॉटर पिनसह. तोच नट मेन शाफ्टला मागच्या बेअरिंगशी घट्ट धरतो. नट ढिला झाला, पिन तुटली, किंवा कुणी आधी पिन न घालताच चढवला असेल, तर अख्खी मेन शाफ्ट पुढे-मागे नाचते आणि दुसरा गिअर सुटतो. हे बघायला काहीही उतरवावं लागत नाही. ट्रान्सफर केसचं ऑइल काढून घ्या, मागच्या बाजूला पीटीओच्या, म्हणजे बाहेरची यंत्रं चालवायच्या जोडणीच्या, जागेवर झाकण असतं, त्याचे बोल्ट काढा, नट समोर दिसतो. गिअर हाताने धरून पुढे-मागे हलवा. हलला तर नट आवळा, त्याचे धागे तपासा, नवी कॉटर पिन घाला, झाकणाला नवी पॅकिंग, ऑइल परत भरा आणि गाडी फिरवून या. तुमचं काम तिथेच संपू शकतं. चार डॉलरच्या पिनसाठी बॉक्स रिबिल्ड झालेले आहेत, म्हणून एवढं लांबवून सांगतोय.

नट घट्ट निघाला तर बेल हाउसिंगचे, म्हणजे इंजिन आणि बॉक्सच्या मधल्या क्लचच्या घराचे, इंजिनकडचे आणि गिअरबॉक्सचे बोल्ट पाना लावून बघा, एखादा ढिला असला तरी बॉक्स वाकडा बसतो. दुसऱ्यात टाकल्यावर दांडा फ्लोअरच्या पत्र्याला किंवा रबरी बूटच्या काठाला टेकतोय का बघा, टेकत असेल तर गिअर पूर्ण शिरण्याआधीच दांडा अडतो. माउंटिंगचं रबर बसलं असेल तर हे हमखास होतं.

मग वरचं कव्हर काढा. आधी आजूबाजूची माती ब्रशने आणि डिझेलने साफ करा, नाहीतर ती सगळी आत पडेल. कव्हरमध्ये दोन रेल, दोन फोर्क, गोट्या, स्प्रिंग. रेलवरच्या खाचांचे काठ बोटाने चाचपा, गोल झाले असतील तर रेल बदला, फोर्क रेलवर हलतोय का आणि त्याची टोकं पातळ झालीत का बघा. दांड्याच्या खालच्या टोकाची गोटी झिजली असेल तर दांडा दोन फोर्कच्या मध्ये अडकतो. दोन गिअर एकदम पडून बॉक्स जाम होण्याचं कारण बहुधा तेच, नाहीतर दोन रेलच्या मधली इंटरलॉकची वस्तू गायब असते. आत टॉर्च मारून स्लीव्ह दुसऱ्याकडे सरकवा आणि दात किती शिरतायत ते बघा. स्लीव्हच्या आतले दात समोरून टोकदार आणि बाजूने सरळ असायला हवेत. बाजू उतरती झाली असेल तर ती स्लीव्ह घासून परत वापरू नका, नवीच घ्या, सोबत दुसरा गिअरही तपासा.

आणि काउंटर शाफ्टवरच्या एकत्र गिअरांचा, म्हणजे क्लस्टरचा, पुढे-मागेचा प्ले फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजा. टी-90 ला तो 0.012 ते 0.018 इंच, म्हणजे साधारण 0.30 ते 0.46 मिलिमीटर हवा. जास्त असेल तर थ्रस्ट वॉशर झिजलेत, मागचा स्टीलचा वॉशर वेगवेगळ्या जाडीचा मिळतो, त्याने प्ले जुळवायचा. इथे आलात तर मात्र बॉक्स उतरवावा लागेल, त्याला इलाज नाही.

उतरवताना दोन गोष्टींवर मी फार कडक आहे. या गाडीचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर आहे, म्हणजे मागची प्रोपेलर शाफ्ट सोडली की हँडब्रेक गेला आणि गिअरमध्ये ठेवलेली गाडीही मोकळी झाली. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडं लावल्याशिवाय तिचे बोल्ट सोडू नका. आणि गाडी उचलली तर लोखंडी स्टँडवर, विटांवर कधीच नाही. बॉक्स आणि ट्रान्सफर केस एकत्रच खाली येतात, दोन्ही बिडाचे, वजन भरपूर, ट्रान्समिशन जॅक भाड्याने आणा. काढताना किंवा चढवताना बॉक्सचा भार इनपुट शाफ्टवर लोंबू द्यायचा नाही, क्लच प्लेटचा मधला हब वाकतो आणि मग नवा क्लच पहिल्या दिवसापासून नीट सोडत नाही. दोन लांब बोल्टची डोकी कापून बेल हाउसिंगला गाइड म्हणून लावा, बॉक्स त्यावरून अलगद सरकतो. बॉक्स खाली असतानाच डायल गेज क्रँकला लावून बेल हाउसिंगचं मधलं भोक तपासा, 0.005 इंचाच्या वर वाकडेपणा दाखवला तर दुसरा गिअर सुटण्याचं एक कारण तेही आहे. हे मोजणारे फार थोडे भेटतात, तुम्ही मोजा.

क्लस्टर काढताना त्याच्या लांबीचा लाकडी किंवा लोखंडी खोटा शाफ्ट करून घ्या, खऱ्या शाफ्टच्या मागोमाग तो ढकला म्हणजे नीडल रोलर आतल्या आत राहतात. काढलेले रोलर मोजून लिहून ठेवा, बसवताना ग्रीसने चिकटवा. पार्ट मागवताना नुसतं टी-90 म्हणू नका. जीप, वॅगन, पिकअपमधले टी-90 सारखे नाहीत, इनपुट शाफ्टची लांबी आणि क्लस्टरच्या दातांची संख्या बदलते. सीजे या नागरी जीपच्या बॉक्सात पहिला गिअर 2.798 ला एक आहे, काही ट्रकच्या बॉक्सात वेगळा. केसवरचा नंबर आणि मोजलेले दात दोन्ही कळवा. भारतातून कुणी येणार असेल आणि जीपचे पार्ट आणणार असेल तरीही हेच, जुना पार्ट समोर ठेवून दात मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

राहिलं ऑइलचं. मेन शाफ्ट दोन्ही घरांमधून जाते, मधली सील किंवा ऑइल अडवणारी चकती झिजली की ऑइल इकडून तिकडे जातं. ट्रान्सफर केस कमी आणि गिअरबॉक्स जास्त, म्हणजे तुमच्याकडे ते पुढे येतंय. आधी ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जायचं भोक, साफ आहे का बघा, तुंबलेला असेल तर गरम हवेचा दाब ऑइल ढकलतो. गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवून सकाळी दोन्ही पातळ्या बघा, मग शंभरेक मैल चालवून परत बघा. दोन्हीकडे एकच ऑइल घाला म्हणालो ते यासाठी, मिसळलं तरी बिघडत नाही. थोडंसं सरकत असेल तर मी फक्त त्यासाठी बॉक्स उतरवणार नाही, महिन्याला पातळी जुळवून घ्या. पण गिअरबॉक्स ओव्हरफुल राहू देऊ नका, वाढलेलं ऑइल पुढच्या बेअरिंगमधून क्लचवर येतं, प्लेट आधी पकडून धरते आणि मग स्लिप होते. बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून ऑइल टपकत असेल तर वास घ्या, गिअर ऑइलचा वास उग्र असतो, इंजिन ऑइलचा तसा नसतो. बॉक्स उघडलाच तर पुढच्या बेअरिंगच्या रिटेनरची, म्हणजे झाकणाची, पॅकिंग लावताना ऑइल परत जायचं भोक झाकू नका, आणि काउंटर शाफ्टचं पुढचं टोक सीलंट लावून बसवा, तिथूनही झिरपतं.

ज्यांच्याकडे शेव्हरलेच्या जुन्या पिकअप आहेत त्यांनी विचारलं होतं म्हणून थोडक्यात. त्यांच्यातल्या चार गिअरच्या एसएम420 बॉक्सचा पहिला 7.05 ला एक आणि एसएम465 चा 6.55 ला एक, दोन्हीत पहिल्याला सिंक्रो नाही. तो रोजच्या वापराचा गिअरच नाही, रिकामी गाडी दुसऱ्यात उचला. क्लच आणि पायलटची तपासणी तिथेही याच क्रमाने.

तर तुम्ही या शनिवारी एवढंच करा. ऑइल काढून बघा, मागचं झाकण खोलून नट हलवून बघा, दहा मोजून रिव्हर्स टाकून बघा, आणि पेडल दाबताना क्रॉस शाफ्टवर नजर ठेवा. नटाचा प्ले, पेडलचा फ्री प्ले आणि ऑइलमध्ये काय निघालं हे लिहून पाठवा, झाकण खोलल्यावर आतला फोटो पण काढा. मग बॉक्स उतरवायचा का ते ठरवू.